चूल मोडलेली जागा

जांभळमुड्याचा धनगरवाडा उठला तेव्हा सगळ्यांनी सकाळच्या पारी सामान ट्रकात भरलं आणि एकट्या धोंडुबाई लांबोरनं दोन दिवस लावले. ही गोष्ट तिची धाकटी जाऊ अंबूबाई अजून सांगते आणि दर खेपेला एखादा दिवस वाढवून सांगते. मागच्या दिवाळीत ते दोनाचे पाच झाले होते. आणखी थोडी वर्षं जाऊ द्या, धोंडुबाई त्या ट्रकात चढलीच नाही असंही ऐकायला मिळेल.

आणि ते अगदीच खोटं असणार नाही.

साल सत्त्याण्णव. घाटमाथ्याच्या रानात हा वाडा होता. वाडा म्हणजे काही चिरेबंदी नव्हे. सात घरं कुडाची, वर गवताचं शाकार, पुढं म्हशी, आणि शेजारी उभ्या माणसाशीही दरीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलणारी गवळी धनगरांची माणसं. नाचणी पिकवायची, म्हशी राखायच्या, पायथ्याच्या गावात आण्णांच्या घरी तूप घालायचं आणि मीठ-मिरची घेऊन वर यायचं. आज्या-पणज्यांपासून असंच चाललं होतं. मग रानाचं अभयारण्य झालं. गव्यांना मोकळीक पाहिजे, म्हणून माणसांनी खाली जावं असं ठरलं. ठरवताना गव्यांनाही कुणी विचारलं नव्हतं आणि बायकांनाही.

मोजणीला साहेब लोक आले. वाड्यात खुर्ची नव्हती, म्हणून त्यातल्या मोठ्या साहेबाला बसायला अंबूबाईनं मिरची वाटायचा पाटा दिला. तो किती धुतला होता हे तिचं तिला ठाऊक. साहेब सारखे उठून बसत होते. तशात धोंडुबाईची पाळी आली.

"घरातला कर्ता पुरुष कोण?"

"गेलाय."

"म्हणजे वारला?"

"न्हाय. गेलाय."

केरबा, म्हणजे धोंडुबाईचा नवरा, नऊ वर्षांमागं कोल्हापूरला कारखान्यात कामाला म्हणून गेला तो गेलाच. कुणी म्हणायचं उचगावात बिऱ्हाड केलंय. कुणी म्हणायचं जोतिबाच्या यात्रेत दिसला, मिशा काळ्या केल्या होत्या आणि ओळख दाखवली नाही. तो जिवंत होता म्हणून धोंडुबाईला विधवा लिहिता येईना, आणि घरात नव्हता म्हणून बायको लिहिता येईना. साहेबांचा पेन कागदाच्या वर तरंगत राहिला. शेवटी तिचा दीर जोतीराम पुढं झाला.

"लिवा की आमच्यातच. वैनी काय परक्या हाईत व्हय?"

लिहिलं. जोतीराम माणूस वाईट नाही, त्यानं ते मायेनंच म्हटलं. पण त्या मायेत धोंडुबाईचं घर बुडालं. जोतीरामच्या थोरल्या पोराला नुकती मिसरूड फुटली होती, लग्नाचा पत्ता नव्हता, तरी त्याचं कुटुंब वेगळं धरलं आणि त्याला वेगळी जागा मिळाली. नऊ वर्षं एकटीनं घर, म्हशी आणि शेत ओढणारी बाई मात्र जोतीरामच्या घरातलं एक खाणारं तोंड झाली.

आता इथं वाड्याची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

या लोकांत घर म्हणजे भिंत नव्हे, चूल. जिची चूल वेगळी तिचं घर वेगळं. पहाटे जिची चूल आधी पेटेल तिनं दारात येऊन हाळी द्यायची, "पेटली गंऽऽ!" मग बाकीच्या घरांतून एकेक "ओ" यायची. पूर्वी ज्यांचा विस्तव विझला असेल त्यांनी येऊन निखारा न्यावा म्हणून ही हाळी. पुढं काड्यापेट्या आल्या, निखारा कुणाला नको झाला, पण हाळी राहिली. कारण एखाद्या घरातून ओ आली नाही, तर तिथं कुणीतरी अंथरुणाला खिळलंय असं समजून सगळ्याजणी जाऊन बघायच्या. केरबा गेला त्या वर्षी धोंडुबाईला ताप भरला होता, तेव्हा अशीच तिची ओ चुकली आणि त्यावरच ती वाचली.

दुसरी रीत जागा सोडायची. जागा सोडताना चूल मोडायची. ज्या बाईची चूल तिनंच मोडायची आणि तेव्हा दुसऱ्या बाईनं बघायचं नाही, पाठ करून बसायचं. माती फोडायची, राख शेतात टाकायची, छपराच्या मेढी उपटायच्या, सारवलेली भुई कुदळीनं मोकळी करायची. वर मूठभर नाचणी पेरायची, दुधाची धार सोडायची आणि म्हणायचं, "तुझं हुतं, तुला दिलं." चुलीचे तीन दगड तेवढे बरोबर न्यायचे, आणि ते मांडायचे तर स्वतःच्याच जागेत. परक्या छपराखाली नाही. उभी चूल टाकून गेलं तर मागोमाग नव्या घरात उपास येतो, असं म्हाताऱ्या सांगायच्या.

ट्रक आला तेव्हा हे कुणाच्या डोक्यात राहिलं? गडबड उडाली. अंबूबाईनं तर जाहीरच केलं, "खाली पत्र्याची घरं हाईत, रॉकेलचा स्टोव्ह हाय. दगडं काय डोक्यावर घिऊन नाचायची हाईत?" ट्रक भरला आणि निघाला. धोंडुबाई चढली नाही. "मी मागनं येतो," म्हणाली. दोन दिवसांनी ट्रक राहिलेल्या वैरणीसाठी परत आला, तेव्हा ती रस्त्याच्या कडेला पोत्यात तीन दगड घेऊन बसली होती. ड्रायव्हरनं मागं बघितलं.

"मावशी, हितं घर हुतं न्हवं?"

"हुतं."

ती वर चढून बसली.

वसाहत मिळाली हुपरीच्या रस्त्याला, माळावर. झाड म्हणाल तर विजेचा खांब. जोतीरामला जमीन मिळाली ती पहिली काही वर्षं नुसती मुरूम होती, पुढं पाणी आलं आणि ऊस उभा राहिला. धोंडुबाईला मिळाली जोतीरामच्या घरामागची एक खोली. तिच्या म्हशी विकल्या. तीन दगड खाटेखाली गेले. जागा तिची नव्हती, म्हणून चूल मांडता येत नव्हती. जेवण अंबूबाईकडून यायचं. अंबूबाईनं तिला कधी उपाशी ठेवलं असं कुणी म्हणू नये. ताट अगदी वेळेवर यायचं. पण ते झाकलेलं ताट असायचं, पोराच्या हातून यायचं, आणि खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलं जायचं.

"आक्का, त्या दगडास्नी रोज पाणी घालत जा," अंबूबाई झाडताना म्हणायची. "आज ना उद्या पिल्ली हुतील."

धोंडुबाई हसायची नाही आणि भांडायचीही नाही. दगड पुसून परत खाटेखाली सारायची.

गल्लीच्या तोंडाला बसम्मा राहायची. लिंगायताची बाई, माहेर सीमेपलीकडचं. तिचं निम्मं वाक्य कन्नडात सुरू व्हायचं आणि मराठीत येऊन भांडायचं. तिच्याकडं हुपरीहून पैंजणाचं काम यायचं, साखळीला घुंगरू जोडायचं. तिनं धोंडुबाईला हाताशी धरलं. म्हशीचे पाय ओढून बांधणारी ती बोटं, सुरुवातीला घुंगरू धरायच्या आधीच चेपायची. बसम्मा कपाळाला हात लावायची.

"धोंडक्का! घुंगरू हाय ते, म्हशीचा सड न्हवं! हळू की!"

हळूहळू बोटं शिकली. दिवसभर खोलीत बसून धोंडुबाई दुसऱ्यांच्या लेकीसुनांच्या पायांतला आवाज जोडत राहायची, आणि संध्याकाळी पोतडी बसम्माच्या हवाली केली की खोली पुन्हा मुकी व्हायची.

पहाटे मात्र ती दारात उभी असायची. बसम्माच्या लक्षात आलं. ती काय सोडते!

"रोज पहाटं कुणाची वाट बघतीस ग? केरबाची?"

"त्याची कशाला बघू? कुणाची पेटली का ऐकतो."

मग सगळी रीत सांगावी लागली. बसम्माला एवढं हसू आलं की साखळी हातातून पडली. "अय्यय्यो! स्टोव्ह काय हाळी देतोय व्हय?" पण बाई मनाची मोकळी. दुसऱ्या दिवशी पहाटे उठली, चूल पेटवली, गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून पोटापासून ओरडली, "पेटलीऽऽ! पेटली गंऽऽ!"

सगळी वसाहत हंडे-घागरी घेऊन धावली. कुणी लुगडं सावरत, कुणी पोरं काखेत मारून. एकानं तर बसम्माच्या छपरावर पाणी मारलंसुद्धा. कुठं पेटलं, काय पेटलं, एकच गिल्ला. बसम्मा भिजून उभी, सांगायची तरी कुणाला आणि कसं! त्या सगळ्या गोंधळात मागच्या खोलीच्या दारातून तेवढी एक "ओ" आली.

त्यानंतर बसम्माला पुन्हा हाळी द्यायची सोय राहिली नाही. गल्लीनं तशी ताकीदच दिली. पण धोंडुबाईला पुढं काही दिवस ते आठवून हसू यायचं. हसू ओसरलं की ती पुन्हा दारात उभी राहायची. एक ओ देऊन झाली होती, ती आता पुन्हा कुणाला द्यायची हे तिला कळत नव्हतं.

अशी अकरा वर्षं गेली. केस पांढरे झाले. केरबाची काही खबर आली नाही, आणि ती कुणी विचारायचीही सोडली.

मग पायथ्याच्या गावातून आण्णांचा निरोप आला. आण्णा म्हणजे तेच, ज्यांच्या घरी वाड्याचं तूप जायचं. आता ते गावच्या वनहक्क समितीचे अध्यक्ष झाले होते. नवा कायदा झाला होता. रानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना आपली जागा मागता येत होती. ज्यांना उठवलं आणि बदली जमीन दिलीच नाही, त्यांनाही. आणि निरोपात शेवटी आण्णांनी खास सांगितलं होतं, की एकट्या बाईला एकटीच्या नावानं मागता येतं, नवरा कुठं आहे हे कुणी विचारत नाही.

धोंडुबाईनं निरोप आणणाऱ्याकडून ते शेवटचं वाक्य दोनदा म्हणवून घेतलं. मग जोतीरामकडं गेली.

"भावजी, मला माझी जागा मागायची हाय. चूल वेगळी हुती एवढं तुमी सांगा."

जोतीरामनं पटका काढला, डोकं खाजवलं. "बघू की."

बघू की हे जोतीरामचं आवडतं उत्तर. लग्न ठरताना मुलगी पसंत आहे का विचारलं, तेव्हाही तो हेच म्हणाला होता आणि अंबूबाईनं ते अजून माफ केलेलं नाही. पण आता ती त्याच्याच बाजूनं उभी राहिली.

"काय सांगायचं न्हाय! हिचं तोंड आपल्यात धरून जमीन दिल्या. आता ही वेगळी हुती म्हणलं, तर आपला ऊस कापून नेत्याल की!"

"माझ्या तोंडाचा केवढा ऊस हाय अंबे?" धोंडुबाईनं विचारलं.

"केवढा का असंना! पोरास्नी काय घालू मग, तुझी दगडं?"

कुणी जमीन काढून घेईल असं कायद्यात कुठं होतं, हे अंबूबाईलाही ठाऊक नव्हतं. पण एकदा घरादारासकट उठवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा उठवतील ही भीती वाटायला कायदा वाचावा लागत नाही.

बसम्मानं मागं लागून लागून धोंडुबाईचा अर्ज करवला. समिती जागा बघायला जायची ठरली. तो माघ महिना होता, रान वाळायला लागलेलं. आण्णा आले, गुडघा धरून धरून चढले. वनखात्याचे एक तरुण साहेब आले, बोलायला मऊ. जोतीराम आला. अंबूबाई न बोलावता आली, ऊस राखायला. धोंडुबाई सगळ्यांच्या पुढं, डोक्यावर पोतं, पोत्यात तीन दगड.

वाडा तीन पिढ्यांचा आहे याबद्दल वाद नव्हताच. कडेला पुरलेल्या म्हाताऱ्यांचे उभे दगड अजून ओळीनं होते आणि त्यातला प्रत्येक आण्णांनी नावानं ओळखला. प्रश्न एका घराचा होता. सहा घरांच्या खुणा जागच्या जागी होत्या. कुठं गुडघाभर कूड, कुठं जोतं, कुठं वाळवी लागलेली मेढ. जोतीरामच्या घराची तर चूलसुद्धा उभी होती. तिच्या तोंडातून नेचा उगवला होता.

"आणि तुमचं घर, मावशी?" साहेबांनी विचारलं.

धोंडुबाईनं बोट दाखवलं. करवंदीची जाळी होती. भोवती गवत, गवतात एक कोवळं जांभळाचं झाड, गव्याच्या शेणाचा ताजा पो. साहेबांनी काठीनं गवत बाजूला केलं, चारी बाजूंनी फिरले, खाली बसून माती चाचपली.

"मावशी, इथं कधी घर होतं असं वाटतच नाही हो."

ते ऐकून धोंडुबाईला क्षणभर फार बरं वाटलं. काम चोख झालं होतं. रानानं दिलेलं घेतलं होतं. सासूनं बघितलं असतं तर पाठीवर हात ठेवला असता.

मग साहेब काय म्हणाले ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं डोक्यावरचं पोतं खाली ठेवलं.

ज्यांनी रीत सोडली त्यांची घरं दिसत होती, आणि त्यांना ती नको होती. जिला पाहिजे होतं तिनं आपल्या हातानं आपलं घर पुसून टाकलं होतं. आता हे कुणाला सांगायचं? तिनं दगड काढून दाखवले. साहेबांनी ते हातात घेतले, अगदी आदरानं घेतले, आणि परत ठेवले.

"दगड काय, सगळ्या डोंगराचे सारखेच की मावशी. कायदा तुमच्याच बाजूचा आहे. पण काहीतरी खूण पाहिजे. नाहीतर कुणी माहीतगारानं सांगितलं पाहिजे."

आण्णा जोतीरामकडं वळले. "जोती, मी तूप घेत हुतो, चूल मोजत नव्हतो. तू सांग. ही वेगळी हुती का तुझ्यात?"

जोतीरामनं बायकोकडं बघितलं. मग आभाळाकडं. ओठांवर बघू की आलं होतं, पण तेवढ्यात अंबूबाई बोलली.

"आमच्यातच जेवत हुती."

धोंडुबाईनं जागेसाठी वाद घातला नाही. ती बघत होती दुसरीकडं, त्या उभ्या चुलीकडं. आणि तिनं अगदी हळू, खरंच वाईट वाटून विचारलं,

"अंबे, तू चूल मोडली न्हाईस?"

आता यातली मेख अशी. वसाहतीत आल्यावर अंबूबाईची दुभती म्हैस गेली, थोरल्या सुनेची दोन बाळंतपणं वाया गेली. प्रत्येक वेळी म्हाताऱ्यांनी विचारलं, "चूल मोडून आलीस न्हवं?" आणि प्रत्येक वेळी अंबूबाईनं छातीवर हात मारून सांगितलं, "मोडून आलोय. माझ्या हातानं." अकरा वर्षं ती हे सांगत होती. आणि आता ती चूल सगळ्यांसमोर तोंडात नेचा धरून उभी होती.

अंबूबाईचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"न्हाय मोडली! व्हय, न्हाय मोडली! काय करतीस? मला कुठला येळ? पोरं, म्हातारी, म्हशी, समदं माझ्या डोक्यावर! तुझं काय गं? एकटीचं घर, एकटीची चूल! दोन दीस बसलीस उकरत! माती काय फोडतीस, मेढी काय उपटतीस, दूध काय वततीस! समदा वाडा खाली गेला तरी तुझी चूल मोडून हुईना! तुझ्यापायी ट्रकाला दुसरी खेप मारावी लागली, आणि मला इचारतीस?"

शेवटच्या शब्दाला दरीनं साथ दिली. एक होला फडफडत उडाला.

आण्णांनी गुडघा चोळला. "कुणाची चूल म्हणालीस, अंबू?"

अंबूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. जोतीराम जोत्यावर बसला होता. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कुणाकडं न बघता उत्तर दिलं.

"वैनीची. वेगळीच हुती. माझ्या लग्नाच्या आधीपासनं. ती हितंच हुती, त्या करवंदीत."

अंबूबाईनं साक्ष दिली असं तिच्या तोंडावर कुणी म्हणू नये. तिला अजून राग येतो. परतीच्या एसटीत ती ड्रायव्हरच्या मागं एकटी बसली आणि घर येईपर्यंत तिनं मान वळवली नाही.

ऊस कुणी कापून नेला नाही. कागद यायला दीड वर्ष गेलं. त्यावर धोंडुबाईचं नाव होतं, आणि शेजारी नवऱ्याच्या नावाच्या जागी काहीच नव्हतं. बसम्मानं तो कागद सगळ्या गल्लीला दाखवला. धोंडुबाई मात्र मान खाली घालून घुंगरं जोडत राहिली.

"आता काय झालं तुला? जमीन मिळाली की!"

"मी ती रानाला दिल्ती, बसम्मा. दिलेलं माघारी कसं घ्यायचं? इचारू कुणाला? इचारायजोगं माणूस उरलं न्हाय."

बसम्मानं साखळी खाली ठेवली. "मग मागू नगो," ती म्हणाली. "दारात जाऊन बस. शेजारीण म्हणून. शेजारणीला कोण हाकलतंय?"

वर रानात निघायच्या दिवशी बसम्मानं धोंडुबाईच्या हातात मूठभर डागी निघालेली घुंगरं कोंबली. "म्हशीच्या गळ्यात बांध. व्यापारी घेत न्हाय, म्हस तरी घेईल." आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. एवढी बोलघेवडी बाई, निरोप द्यायला बाहेर आली नाही.

म्हैस जोतीरामनं दिली. टेम्पोही त्यानंच केला. आणि टेम्पो सुटताना अंबूबाई पदर खोचून चढून बसली. "पुन्यांदा दोन खेपा नगोत म्हणून चाललोय," तिनं कुणी न विचारता सांगितलं.

डांबरी संपली तिथं टेम्पो थांबला. दोघी म्हैस घेऊन वर चढल्या. मोजणीवाले साहेब नकाशा घेऊन आले होते. धोंडुबाईनं करवंदीला हात लावला नाही. जाळीच्या अलीकडं, जांभळाच्या झाडाशेजारी पोतं उतरवलं.

"मावशी, नकाशात तुमचं घर त्या जाळीत आहे."

"ऱ्हाऊ दे की कागदात. ती जागा दिल्या. मी हितं बसतो, शेजारी."

साहेब हसले, खुंट्या ठोकून निघून गेले. अंबूबाई थोडा वेळ इकडंतिकडं करत राहिली. मग सामानातली कुदळ आणि दुधाचा तांब्या उचलला आणि आपल्या जुन्या जोत्याकडं गेली.

"आक्का," तिकडून आवाज आला. "पाठ कर."

धोंडुबाई पाठ करून बसली. मागं कुदळीचे घाव ऐकू येत होते. माती कडक झाली होती, नेच्याची मुळं आतवर गेली होती, आणि अंबूबाईला दम लागत होता. शिव्याही देत होती, नेच्याला का स्वतःला कुणास ठाऊक. बऱ्याच वेळानं कुदळ थांबली. दुधाची धार जमिनीत जिरल्याचा आवाज झाला.

"काय म्हणायचं असतं गं?"

अंबूबाईचा आवाज ओळखू येत नव्हता. धोंडुबाईनं वळून बघितलं नाही.

"तुझं हुतं."

"तुझं हुतं..."

"तुला दिलं."

"तुला दिलं." आणि मग नाक ओढल्याचा आवाज.

अंबूबाईनं आपले तीन दगड पदरात बांधले. शेवटची एसटी गाठायची होती. "ऱ्हातीस का एक दीस?" असं धोंडुबाई म्हणाली नाही, आणि "चल माघारी" असं अंबूबाई म्हणाली नाही. ती नुसती म्हणाली, "येतो," आणि उतरायला लागली.

ऊन कलत होतं. धोंडुबाईनं तीन दगड मांडले. बारा वर्षांवर ते खाटेखाली पडले होते, त्यांना भुई सापडली. माती लिंपली. काटक्या घातल्या. म्हैस नव्या जागेला बावरून सारखी मान हलवत होती आणि बसम्माची डागी घुंगरं वाजत होती. धूर आधी तिच्याच डोळ्यांत गेला. मग जाळ धरला.

ती उठली. दार अजून नव्हतं, म्हणून जिथं दार होणार होतं तिथं उभी राहिली.

"पेटली गंऽऽ!"

दरी भरली आणि रिकामी झाली. सहा जोती गप्प होती. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, कान दिलेला. मग खाली बसून तिनं तवा ठेवला.

अंबूबाई तेव्हा खालच्या वळणावर होती. ती हाळी तिनं ऐकली. आता ती ही सगळी गोष्ट रंगवून सांगते, ट्रकाचे दिवस वाढवते, साहेबाची नक्कल करते, कोण कसं तोंडावर पडलं ते उठून करून दाखवते. पण या वळणावर आली की बसून घेते.

"एसटी उभी हुती," ती म्हणते. "डायवर हॉर्न मारत हुता. दम लागलेला, वटीत दगडं. म्हणलं, कुठं आता माघारी वरडायचं."

मग पदर मांडीवर पसरून सारखा करते.

"ओ द्यायला पायजे हुती."